‘अनाक्रमक’ नको, ‘विनाछेद’ म्हणा

प्रश्न: परळच्या एका प्रयोगशाळेत विज्ञान दिनासाठी मराठी फलक करायचे आहेत. जिवंत उंदराच्या अंगात लागण कशी पसरते हे कॅमेऱ्याने पाहतात, त्या ‘नॉन-इन्व्हेसिव्ह इमेजिंग’ला ‘अनाक्रमक प्रतिमांकन’ म्हणावं का?

उत्तर: नको. मराठीत आक्रमक असतो तो फलंदाज, स्वभाव किंवा सैन्य. शिवाय लागणीच्या अभ्यासात ‘इन्व्हेसिव्ह’ हे विशेषण जंतूंनाही लावतात, उदाहरणार्थ पेशींत घुसणारा साल्मोनेला. एकाच फलकावर जंतू ‘आक्रमक’ आणि पद्धत ‘अनाक्रमक’ आली, की वाचणारा नसता संबंध जोडणार. ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ मुंबईत प्रत्येकाला कळतं. त्याच वळणाने मथळ्यात ‘विनाछेद चित्रण’ लिहा आणि मजकुरात ‘चिरफाड न करता’.

‘सुई न टोचता’ किंवा ‘वेदनारहित’ मात्र लिहू नका, ते खोटं ठरेल. परजीवी किंवा विषाणूंत काजव्याच्या ल्युसिफेरेजचं, म्हणजे प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराचं, जनुक घातलेलं असेल, तर त्याचं इंधन, ल्युसिफेरिन, बाहेरून द्यावं लागतं. नेहमीची मात्रा किलोमागे १५० मिलिग्रॅम. म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ३ मिलिग्रॅम. द्रावण मिलिलिटरला १५ मिलिग्रॅमचं असेल तर ०.२ मिलिलिटर, पोटात टोचून. मग आयसोफ्लुरेनची भूल, आणि टोचल्यापासून १०-१५ मिनिटांनी चित्रण. ही वेळ दर खेपेला सारखीच हवी. एकदा आठव्या मिनिटाला आणि एकदा पंचविसाव्या मिनिटाला पाहिलं, तर आकड्यातला फरक लागणीचा की ल्युसिफेरिनच्या चढउताराचा, हे सांगता येत नाही. जिवाणूंत फोटोऱ्हॅब्डस या प्रकाश देणाऱ्या जिवाणूचा ‘लक्स’ जनुकसंच घातला, तर ते आपलं इंधन आपणच बनवतात आणि ही सुई वाचते. १९९५ साली क्रिस्टोफर कॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांतला साल्मोनेला लक्स जनुकांच्याच प्रकाशावर पाहिला होता.

‘छायाचित्रण’ही नको. काळोख्या पेटीतला, शून्याखाली ९० अंशांपर्यंत थंड केलेला कॅमेरा मिनिट-मिनिट फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजत बसतो. उंदराचा साधा कृष्णधवल फोटो वेगळा काढतात आणि मोजलेले आकडे निळ्या-लाल रंगांत त्यावर चढवतात. म्हणून ‘चमकणारे उंदीर’ हा मथळाही टाळा. हा प्रकाश सहसा डोळ्यांना दिसत नाही आणि ते रंग संगणकाचे असतात.

पद्धतीचं खरं मोल मजकुरात यायलाच हवं: तोच उंदीर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी पाहता येतो. एरवी प्रत्येक दिवसासाठी वेगळा गट मारून, यकृत-प्लीहा वाटून, जिवाणूंच्या वसाहती मोजाव्या लागतात.

आणि ‘प्रकाश नाही म्हणजे लागण नाही’ असं वाक्य फलकावर चुकूनही जाऊ देऊ नका. लक्सचा निळसर-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे खोल अवयवातली थोडकी लागण दिसत नाही. काजव्याच्या ल्युसिफेरेजचा प्रकाश शरीराच्या उबेत तांबूस होतो, म्हणून तो जास्त खोलातून बाहेर येतो. काळी लव प्रकाश अडवते. ती आधी काढावी किंवा पांढरे उंदीर घ्यावेत. गळवाच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी असला, तर जंतू जिवंत असूनही अंधारच, कारण काजव्याच्या आणि लक्सच्या, दोन्ही ल्युसिफेरेजना ऑक्सिजन लागतो. आणि लक्स जनुकं प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनएवर, असतील, तर अँटिबायोटिकच्या दाबाविना जिवाणू ती काही पिढ्यांत टाकून देतात. म्हणून ती गुणसूत्रातच बसवलेली बरी.