वाचकांचे प्रश्न : केबलमधली गळती आणि हॅम रेडिओ

प्रश्न : मी परवानाधारक हॅम (छंद म्हणून रेडिओवर संपर्क साधणारा) असून नाशिकमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून 145.800 मेगाहर्ट्झवर अधूनमधून पाठवली जाणारी चित्रे मी हातातल्या यागी अँटेनाने (एका दिशेला रोखता येणाऱ्या) टिपतो. गेल्या काही महिन्यांपासून स्थानक पश्चिमेकडे असताना चित्र खरखरीने भरून जाते, पूर्वेकडे गेल्यावर मात्र ते स्वच्छ येते. पश्चिमेकडच्या इमारतींवरून केबल टीव्हीच्या तारा गेल्या आहेत. दोष केबलचाच आहे हे कसे ठरवावे आणि तक्रार कोणाकडे करावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला संशय रास्त वाटतो. केबलच्या आतली वारंवारता कोणाच्याही परवान्याच्या आड येत नाही, कारण तारेभोवतीच्या धातूच्या जाळीने आणि पत्र्याने संकेत आत कोंडलेला असतो, या गृहीतावरच केबल टीव्हीची सारी रचना उभी आहे. म्हणून विमानांच्या, पोलिसांच्या आणि हॅम मंडळींच्या वारंवारता केबलमध्ये सर्रास वापरल्या जातात. कनेक्टर सैल झाला, जाळी गंजली, उन्हाने वरचे प्लास्टिक तडकून पावसाचे पाणी आत शिरले किंवा स्प्लिटरचे (एका तारेचे अनेक फाटे करणाऱ्या डबीचे) एखादे तोंड उघडे राहिले, की त्या जागी तार अँटेनासारखी वागू लागते.

ॲनालॉग केबलच्या काळात ही गळती ओळखणे सोपे होते. एस-6 या वाहिनीची जागा 139 ते 146 मेगाहर्ट्झ होती आणि तिची ध्वनिवाहक लहर नेमकी 145.75 वर, म्हणजे हॅमच्या दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात येत असे. भारतात हा पट्टा 144 ते 146 इतकाच आहे, आणि त्यात एखाद्या मालिकेचे संवाद ऐकू आले की चोर आपोआप सापडे. मुंबईत 2012 च्या अखेरीस आणि नाशिकसह अनेक शहरांत 2013 मध्ये केबल डिजिटल झाली, तेव्हापासून हे रूप बदलले. डिजिटल वाहिनीची शक्ती सुमारे 8 मेगाहर्ट्झमध्ये सारखी पसरलेली असते. रेडिओवर ती केवळ वाढलेल्या खरखरीसारखी ऐकू येते, एफएम संचाचा स्क्वेल्च (संकेत नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) तिच्यामुळे उघडतही नाही, आणि दुबळी केंद्रे नाहीशी झाली एवढेच लक्षात येते. अनेक हॅम अशा वेळी विनाकारण स्वतःच्या अँटेनाला दोष देत बसतात, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगितले.

प्रथम घरातला मेन स्विच बंद करून संच बॅटरीवर चालवावा. खरखर गेली तर दोष घरातल्या एलईडी दिव्याचा, चार्जरचा किंवा इन्व्हर्टरचा समजावा. ती कायम राहिली तर स्वस्त यूएसबी एसडीआर संचाने (संगणकाच्या पडद्यावर वारंवारतांचा आलेख दाखवणाऱ्या) 130 ते 160 मेगाहर्ट्झचा पट्टा टप्प्याटप्प्याने पाहावा. विद्युत उपकरणांचा गोंगाट वेडावाकडा, ठरावीक अंतराने फुगणारा आणि वेळेनुसार बदलणारा असतो. केबलची गळती मात्र दोन्ही कडा सरळ तुटलेल्या सपाट ओट्यासारखी दिसते आणि दिवसरात्र हलत नाही. असा ओटा दिसला, तर केबलवर बोट ठेवण्याइतका पुरावा हाती आला असे मी मानतो.

त्यानंतर यागी घेऊन चालत निघावे. जवळ जाताच संकेत इतका वाढतो की सगळ्याच दिशा सारख्या वाटू लागतात. तेव्हा अँटेना व संच यांच्यामध्ये ॲटेन्युएटर (संकेत दुबळा करणारे साधन) लावावा, किंवा छोटा हातसंच छातीशी धरून स्वतःभोवती वळावे आणि शरीर आड आल्यावर आवाज कोठे बुडतो ते पाहावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गळलेला प्रवाह तारेच्या जाळीच्या बाहेरच्या अंगाने वाहत जातो, शेजारच्या लोखंडी नळावरही चढतो, आणि या वारंवारतेला तरंगलांबी दोन मीटरच्या आसपास असल्याने साधारण मीटरमीटरवर जोर कमीजास्त होतो. त्यामुळे सर्वाधिक आवाजाची जागा आणि प्रत्यक्ष फुटकी जागा यांत काही मीटरांचे अंतर पडू शकते. स्वतःच्या घरात केबल असल्यास सुरुवात तिथूनच करावी. सेट टॉप बॉक्सची जोडतार आणि स्प्लिटरची उघडी तोंडे हे नेहमीचे गुन्हेगार आहेत.

केबलचालकाच्या तारेला मात्र हात लावू नये. जागेची नोंद, वेळ आणि एसडीआरवरचे चित्र घेऊन त्याला भेटावे आणि त्या भागाचा ऑप्टिकल नोड (फायबरमधला संकेत तांब्याच्या केबलमध्ये उतरवणारी पेटी) मिनिटभर बंद करण्याची विनंती करावी. त्याच क्षणी ओटा नाहीसा झाला, तर वाद उरत नाही. एवढे करूनही दुरुस्ती झाली नाही, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीत परवान्याची माहिती द्यावी, कारण आपण परवान्याने मिळालेल्या वारंवारतेवर ऐकत आहात आणि तो आपला हक्क आहे.

मर्यादेतली गळतीही हॅमला कशी भोवते, हे अमेरिकेच्या नियमावरून कळते. तेथे 54 ते 216 मेगाहर्ट्झमध्ये ॲनालॉग संकेतासाठी 3 मीटर अंतरावर 20 मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर ही मर्यादा आहे. अंतराच्या प्रमाणात जोर घटतो असे धरले, तर 30 मीटरवर 2 मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर उरतात, आणि त्यातून साध्या द्विध्रुव अँटेनाला अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडे अधिक मिळतात. दोन मीटरचा चांगला संच 0.2 मायक्रोव्होल्टचे केंद्र ऐकतो. म्हणून त्याच नियमावलीत, मर्यादा पाळली असली तरी हानिकारक अडथळा आल्यास केबलचालकाने तो तातडीने दूर करावा, अशी वेगळी तरतूद आहे. ती मला अत्यंत न्याय्य वाटते.

प्रश्न : मी केबल व्यवसायात आहे. आमच्या एका सोसायटीतले हॅम गृहस्थ आमच्या तारेतून गळती होते म्हणतात, आणि ते बोलू लागले की आमच्या ग्राहकांचे चित्र अडकते. मग दोष कोणाचा मानावा? — एक केबलचालक, कोल्हापूर

उत्तर : ज्या फटीतून आपला संकेत बाहेर जातो, तिच्यातूनच त्यांचे प्रक्षेपण आत येते. त्यामुळे दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकाच कनेक्टरमध्ये असावे आणि तो बदलल्यास दोघांचेही काम होईल. केबलवरून इंटरनेट देत असाल तर हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण परतीचा मार्ग (ग्राहकाकडून आपल्याकडे येणारा संकेत) 65 मेगाहर्ट्झच्या खाली असतो आणि हॅमचे 14, 21 व 28 मेगाहर्ट्झचे लघुलहरी पट्टे त्याच भागात येतात.

त्या गृहस्थांनीही एक गोष्ट तपासावी. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या प्रक्षेपकातून निघणारी दुप्पट वारंवारतेची नको असलेली लहर 288 ते 292 मध्ये पडते आणि तिथेही केबलच्या वाहिन्या असतात. प्रक्षेपकापुढे लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारी गाळणी) लावून फरक पडतो का, हे आपण दोघांनी एकत्र बसून पाहावे. आपल्या बाजूने पिळून बसवलेले कनेक्टर काढून कॉम्प्रेशन कनेक्टर लावावेत, विरळ जाळीची तार गच्चीवर वापरू नये, स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांना 75 ओहमचे टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपणे) बसवावेत आणि बाहेरचा प्रत्येक जोड पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. इमारतीपर्यंत किंवा घरापर्यंत फायबर नेणे परवडत असेल, तर तेवढ्या लांबीपुरता प्रश्नच मिटतो, कारण त्यातून प्रकाश जातो, रेडिओलहरी नाहीत.