अमेरिकेत स्प्रिंग सीझनला, म्हणजे वसंतातल्या शिकारीच्या हंगामात, डिकॉय (भुलवायला ठेवलेला नकली पक्षी) ठेवला तर जंगली टर्की खरंच जवळ येतात का?

येतात, पण सगळे नाही, कोणता नर आहे त्यावर अवलंबून असतं. दादागिरी करणारा मोठा नर असेल आणि त्याला एक वर्षाच्या कोवळ्या नराचा डिकॉय मादीच्या डिकॉयशेजारी दिसला तर त्याचं टाळकंच सटकतं, पिसारा फुलवून, पंख जमिनीवर घासत तो सरळ अंगावर धावून येतो, डोकं क्षणात लाल-पांढरं-निळं होतं आणि मग त्या प्लॅस्टिकच्या पक्ष्याला लाथा, पंखांचे फटके, सगळं सुरू. पण आधीच मार खाल्लेला दुबळा नर तोच डिकॉय बघून गुपचूप मागे वळतो.

नुसती मादी ठेवली तर बऱ्याचदा तो लांबच थांबून पिसारा फुलवत बसतो, कारण निसर्गात मादीच त्याच्याकडे जाते ना.

नर डिकॉयचं तोंड आपल्याकडे ठेवा, खरा नर सहसा त्याच्या समोरून येतो. यांची नजर फार तीक्ष्ण असते, त्यामुळे जराही हलू नका.

आणि प्लीज, डिकॉय नेताना पिशवीत झाकूनच न्या, दुसरा शिकारी खरा पक्षी समजून गोळी झाडू शकतो.