"मॅडम, तुमच्या कुल्फीपायी माझं पोरगं मार खाऊन आलं"

नवीन नवीन शाळेवर लागलेल्या शिक्षकांचा एक प्रश्न मला हमखास येतो. मुलांना जीव लावायला गेलो आणि अंगाशी आलं, आता आपलं शिकवायचं आणि घरी जायचं असंच वागावं का? मागच्या वर्षी फोनवर हेच विचारत एक मुलगी रडत होती. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात.

ही शिक्षण सेवक म्हणून बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत लागलेली, 16000 मानधन, त्यातलं निम्मं घरी जाणार. तिसरीच्या वर्गात 28 पोरं. पाढे कुणाचेच धड पाठ नाहीत म्हणून तिने मार्चमध्ये जाहीर केलं की सगळ्या वर्गाला 12 पर्यंत पाढे आले की सगळ्यांना कुल्फी, आणि एक जरी राहिला तरी कुणालाच नाही. तिच्या डोक्यात होतं की हुशार पोरं मागच्यांना शिकवतील, एकमेकांना धरून राहतील. कुल्फीवाल्यालाही सांगून ठेवलेलं. आठवडाभर खरंच मजा आली म्हणे, पोरं मधल्या सुट्टीतही पाढे म्हणायची.

मग पट्टा पडला, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपला, आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आली. त्यात एक पोरगा होता, दिवाळीपासून आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत राहिलेला, पाच महिने पाटी-पेन्सिल नाही. तो साताच्या पाढ्यावर अडकला. रोज अडकायचा. चौथ्या दिवशी तिघांनी त्याला शाळेमागे गाठून बदडलं, "तुझ्यामुळं कुल्फी राहिली". दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, त्याची आई आली आणि वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाली, "मॅडम, तुमच्या कुल्फीपायी माझं पोरगं मार खाऊन आलं." वर शेजारच्या वर्गावरचे गुरुजी म्हणाले, सांगितलं होतं ना, पोरांना लाडावू नका. तिला हे गुरुजींचं जास्त लागलेलं, मला तर वाटतं त्या बोलण्यामुळेच तिने फोन केला.

तिचा बेत तयार होता. त्या तिघांना शिक्षा आणि त्या पोराला घरी जाऊन एकट्याला कुल्फी. मी म्हटलं थांब, दोन्ही नको. एकट्याला दिलीस तर तो मॅडमचा लाडका होणार आणि परत मार खाणार. आणि त्या तिघांनी मारलं ते चूकच, ते त्यांना स्पष्ट सांगायचं, पण वर्गात कोण मागे आहे ते शोधून त्याच्या मागे लागायचं काम त्यांना दिलं कुणी? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मीच की."

लाड केल्याने काही बिघडलं नव्हतं हो, बिघडलं ते अटीमुळे. सगळ्यांची कुल्फी तिने नकळत वर्गातल्या सगळ्यात अडलेल्या पोराच्या गळ्यात बांधली होती. आमच्या शिक्षणात 1973 चा अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा एक प्रयोग शिकवतात, तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक मिळेल, आणि नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्रक दिलं त्यांची आवड काही कमी झाली नाही. हे ऐकून ती म्हणाली, म्हणजे पाढ्यांचीही गोडी मीच घालवली का. तसं नाही गं, पाढ्यांची मुळात कुणाला गोडी असते! पण देणं आणि आमिष दाखवणं यात फरक आहे एवढं तिला त्यातून कळलं.

आधी ती त्यांच्या घरी गेली. कुल्फी न घेता. चहा घेतला, चूक माझी म्हणाली. तिथे तिला कळलं की उसाच्या फडावर हा पोरगा वाढ्याच्या, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याला लागणाऱ्या उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या विकायचा आणि पैशाचा हिशोब तोच करायचा, एकदाही चुकला नव्हता म्हणे. मग वर्गात सगळ्यांसमोर बोलली, अट मी घातली ती चुकीची होती, ती आजपासून नाही. पोरांना हे जरा विचित्रच वाटलं, मोठी माणसं असं बोलत नाहीत ना. पेंढ्यांचा हिशोब तिने फळ्यावर घेतला, पण नाव न घेता, ते मी मुद्दाम सांगितलेलं.

सगळं गोड झालं असं नाही. तिघांतला एक अजून त्याला चिडवतो, साताचा पाढाही पक्का झालेला नाही, आणि आई शाळेत आली की मॅडमशी मोजकंच बोलते.

एप्रिलमध्ये एका उन्हाच्या दुपारी कुल्फीवाल्याची घंटा ऐकून तिने त्याला आत बोलावलं, कारण काहीच नाही. सगळ्यांना वाटली. त्या पोराने कुल्फी हातात धरली पण खाईना, ती वितळायला लागली. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, कितीचा म्हणू?"

"काही नको म्हणू. खा, सांडतीय बघ."