टर्कीत बदक, बदकात कोंबडी

प्रश्न : नोव्हेंबरात मी ह्यूस्टनला मुलाकडे असेन. थँक्सगिव्हिंगला ‘टर्डकन’ करायचं सुनेने मनावर घेतलंय. टर्कीच्या पोटात बदक, बदकाच्या पोटात कोंबडी! हे घरी जमतं का? आतली कोंबडी कच्ची नाही राहत?

उत्तर : ताई, जमतं. फक्त सूनबाईंना आधी एवढं विचारा, की हाडं कोण काढणार? सगळी मेख तिथेच आहे. आख्खं बदक टर्कीच्या पोटात कोंबायचं नसतं. तिन्ही पक्षी पाठीच्या बाजूने चिरून, हाडं काढून सपाट उघडतात, एकावर एक अंथरतात आणि मग गुंडाळून शिवतात.

टेक्ससमधल्या एका हॉटेलात मी मांस कापण्याच्या विभागात होतो. नोव्हेंबर लागला की हेच काम. सुरी लहान आणि पातळ पात्याची हवी, धार नुकती लावलेली. तिचं टोक कायम हाडाकडे, कातडीकडे कधीच नाही. मांडीचा सांधा डोळ्यांनी शोधू नका, बोटाने चाचपा. दोन हाडांमध्ये मऊ खाच लागते, तिथे टोक घातलं की सांधा आपोआप सुटतो. बदक आणि कोंबडी पूर्ण मोकळी करायची. टर्कीच्या तंगड्यांची आणि पंखांची हाडं मात्र तशीच ठेवायची, नाहीतर ताटात नुसतं गाठोडं दिसतं. कातडी फाटली तर दोन टाके घाला. एवढं करायची तयारी नसेल तर खाटकाकडून हाडं काढून आणा, त्यात कमीपणा काही नाही.

टर्की कातडी खाली करून पसरा, मीठ-मसाला चोळा. वर सारणाचा थर, मग बदक, पुन्हा सारण, मग कोंबडी, पुन्हा सारण. हा पदार्थ लुइझियानाचा, त्यामुळे तिथली सारणंच त्याला शोभतात : मक्याच्या पावाचा चुरा, अँडुई नावाचं धुरी दिलेलं सॉसेज, कालवं, आणि कांदा, सेलरी, ढोबळी मिरची हे तिथलं नेहमीचं त्रिकूट. सारणाचा थर बोटभर पुरे. मग दोन्ही कडा ओढून दाभण आणि जाड सुती दोऱ्याने शिवा. या कामाला दोन माणसं लागतात, एक कडा धरायला आणि एक टाके घालायला. उलटं करून ट्रेमध्ये ठेवलं की बाहेरून साधी टर्कीच दिसते.

बदक मध्ये असतं ते उगाच नाही. टर्कीच्या छातीचं मांस कोरडं पडतं, कोंबडीचंही तसंच. बदकाची चरबी वितळून दोघींना ओलावा देते. पण आत बदकाची कातडी कधीच कुरकुरीत होत नाही, रबरासारखी लागते. मी ती बरीचशी काढून टाकतो आणि चरबीचा पातळ थर तेवढा ठेवतो.

आता कच्चेपणाचं. तुमची शंका अगदी रास्त आहे. साध्या टर्कीच्या पोटात पोकळी असते, इथे मध्यापर्यंत भरीव मांस. वरची कातडी तांबूस झाली म्हणून आत शिजलं असं समजू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा : ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटच्या खाली नको, आणि थेट मधोमध, सारणासकट, १६५ अंश म्हणजे सुमारे ७४ सेल्सिअस भरलेच पाहिजेत. थर्मामीटर नसेल तर हा घाट घालूच नका. वर लवकर रंग आला तर फॉइल झाका. सारण भरल्यावर रात्रभर ठेवायचं नाही, लगेच ओव्हनमध्ये. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका, मग आडवे काप करा. प्रत्येक कापात तिन्ही मांसं दिसतात आणि पाहुणे खूश होतात. काढलेल्या हाडांचा रस्सा करून ग्रेव्ही करा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर, पहिल्या वर्षी टर्की वगळा. बदकात कोंबडी करा. चवीत काडीचा फरक पडत नाही आणि सणाचा दिवस ओव्हनपाशी जात नाही.

प्रश्न : याचा शोध कुणी लावला? सतरा पक्ष्यांचाही असा प्रकार होता म्हणे!

उत्तर : टर्डकनवर दोघांचा दावा आहे. लुइझियानाचे शेफ पॉल प्रूडॉम म्हणत, कल्पना माझी. त्यांनी १९८६ साली नावाचा ट्रेडमार्कही घेतला. तिथल्याच मॉरिस गावातलं हेबर्ट बंधूंचं मांसाचं दुकान सांगतं, की १९८५ मध्ये एक शेतकरी आपलेच पक्षी घेऊन आला आणि एकात एक भरून द्या म्हणाला. देशभर बोलबाला केला तो अमेरिकन फुटबॉलचे समालोचक जॉन मॅडन यांनी, थँक्सगिव्हिंगच्या सामन्यांत. पण मूळ कल्पना दोघांचीही नाही. १७४७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पाकपुस्तकात यॉर्कशरची नाताळची ‘पाय’ आहे, म्हणजे कणकेच्या जाड कवचात भाजलेलं मांस : कबुतर, तितर, कोंबडी, हंस, टर्की एकात एक, आणि आत किमान चार पौंड लोणी. अशा ‘पाय’ पेटीत घालून लंडनला भेट म्हणून पाठवत, म्हणून कणकेच्या भिंती भक्कम बांधा, असंही बजावलंय.

सतरा पक्ष्यांचा प्रकार फ्रेंच खवय्या ग्रिमो द ला रेनिएर याने १८०७ साली लिहून ठेवला. सगळ्यात बाहेर आपल्या माळढोकाचा युरोपातला भाऊबंद, सगळ्यात आत वटवट्याएवढा इवलासा पक्षी. त्याच्या पोटात मावलं फक्त एक ऑलिव्ह.