रॅम कुठून घ्यावी: सिल्व्हर मॉल, ऑनलाइन की मुंबईहून?

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात सांगतो. इंदुरात राजेंद्रनगरला घरूनच टॅली आणि जीएसटीची कामं करता. मशीनमध्ये इंटेलचा आय३-९१०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, आत रॅमची ८ जीबीची एकच स्टिक. टॅली, दोन-तीन मोठ्या एक्सेल शीट आणि जीएसटी पोर्टल एकदम उघडलं की सगळं रांगायला लागतं. आणखी ८ जीबी टाकायची आहे आणि समोर चार पर्याय आहेत: आपला सिल्व्हर मॉल (इंदुरातला कॉम्प्युटरच्या दुकानांचा बाजार), ऑनलाइन दिसणारी एक खूप स्वस्त अनोळखी ब्रँडची स्टिक, भावाच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनमधून निघालेली एक स्टिक, किंवा पुढच्या महिन्यात मुंबईहून येणाऱ्या दिरांना तिथल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायला सांगणं.

माझं मत सरळ आहे. सिल्व्हर मॉलला जा, कॅबिनेट सोबत न्या, नवी स्टिक घ्या, पक्कं बिल घ्या. भावात शे-दोनशेचा फरक पडला तरी.

आधी एक गोष्ट. तुमच्या मशीनवर हा खर्च करणं योग्यच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण तुमच्यासारखा नवव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ साठी चालतो. म्हणजे हे मशीन अजून काही वर्षं सहज काम देईल. तिसऱ्या-चौथ्या पिढीचं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

आता भावाच्या ऑफिसातली स्टिक. फुकट मिळतेय म्हणून मन तिकडे जाणारच, पण तिच्यावरचं लेबल आधी वाचा. तुमच्या मशीनला लागते ती डीडीआर४ पिढीची रॅम (डीडीआर३ तिच्या आधीची, डीडीआर५ नंतरची). डीडीआर४ च्या स्टिकवर साधारण असं छापलेलं असतं: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२-११’. यातला २६६६ नंतरच्या ‘व्ही’च्या पुढचा भाग बघा. तिथे ‘यू’ने सुरुवात असेल तर ती साध्या डेस्कटॉपची. ‘एस’ असेल तर लॅपटॉपची, ती आकारानेच आखूड असते. आणि ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ही लांबीला अगदी डेस्कटॉपसारखी असते, स्लॉटमध्येही नीट बसते, पण तुमच्या बोर्डावर मशीन सुरूच होणार नाही. ऑफिसांतून निघालेल्या मालात सर्व्हरच्या स्टिक भरपूर असतात, आणि सेकंडहँड विकणारे सगळेच हा फरक सांगत बसत नाहीत. भावाला लेबलचा फोटो पाठवायला सांगा. ‘यू’ निघाली तर लावून बघायला हरकत नाही, पैसे वाचतील. ‘आर’ निघाली तर विषय संपला.

ऑनलाइन स्वस्त स्टिकला मात्र माझा ठाम नकार आहे. जगातले बहुतेक मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्याच बनवतात. किंग्स्टन, कोरसेअर, एडाटा, जी.स्किल हे लोक चिप विकत घेऊन त्यांच्या स्टिक बांधतात. म्हणजे ब्रँडला आपण पैसे देतो ते चिप निवडण्याचे, तपासण्याचे आणि उद्या बिघडली तर बदलून देण्याचे. नाव नसलेल्या स्टिकमध्ये नेमक्या याच तीन गोष्टींची खात्री नसते. वर चकचकीत पत्र्याचं कव्हर असलं की आत कुठली चिप आहे हे दिसतही नाही. डीडीआर३ वाल्यांसाठी तर एक जुना फास आहे: खूप स्वस्त ४ किंवा ८ जीबीच्या स्टिक, ज्यांच्या वर्णनात कुठेतरी खाली ‘फक्त एएमडी डेस्कटॉपसाठी’ असं लिहिलेलं असतं. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. डीडीआर३ वापरणारं कुणी हे वाचत असेल तर ती ओळ शोधल्याशिवाय ऑर्डर करू नका.

भावाबद्दलही एक सांगायला हवं, म्हणजे किमतीबद्दल. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा मोठा वाटा उचलायला सुरुवात केली. त्याच ओघात ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे नात्यातल्या कुणी ‘मी तर इतक्यात घेतली होती’ असं सांगितलं तर तो आकडा डोक्यातून काढून टाका. दुकानदार व्हॉट्सॲपवर जो भाव देतो तोही त्या दिवसापुरताच धरा. क्रुशियलची शिल्लक स्टिक मिळाली तर घ्यायला भिऊ नका, आधीच्या मालाची वॉरंटी चालू राहील असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. भाव चढले की बनावट माल आणि नवं स्टिकर लावलेला जुना माल बाजारात येतो, म्हणून याच काळात बिल आणि दुकान या दोन्हींना जास्त किंमत आहे.

लॅमिंग्टन रोडचा माल वाईट नाही, तिथे निवडही आपल्यापेक्षा मोठी आहे. पण दीर सीलबंद स्टिक घेऊन येणार, ती इथे लावल्यावर मशीनने बीप मारली तर परत कोण नेणार? जुन्या बोर्डाला रॅम जोडताना स्टिक निर्दोष असूनही बोर्डाशी पटत नाही असं घडतं. अशा वेळी कंपनीची वॉरंटी कामाची नाही, कारण स्टिकमध्ये दोषच नसतो. तिथे हवा असतो तो ‘हरकत नाही, दुसरी लावून बघू’ म्हणणारा समोरचा दुकानदार.

म्हणून कॅबिनेट घेऊन जा असं म्हणतोय. ऑटोत मांडीवर सहज मावतो. मॉनिटर, कीबोर्ड न्यायची गरज नाही, दुकानात असतात. आर.एन.टी. मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये शिरलात की पहिल्याच दुकानात पैसे काढू नका, तीन-चार ठिकाणी एकच वाक्य विचारा: ‘भैया, डीडीआर-फोर आठ जीबी, डेस्कटॉप की, इसी में लगाके दिखाओगे?’ हो म्हणणाऱ्याकडेच थांबा. ‘घर जाके लगा लेना, कुछ नहीं होता’ म्हणणाऱ्याचा भाव कितीही कमी असला तरी पुढे चला.

एच३१० बोर्डावर दोनच स्लॉट असतात आणि तुमचा एक रिकामा आहे, म्हणजे जुनी स्टिक काढायची गरज नाही. तुमचा प्रोसेसर रॅम २४०० च्या वेगानेच चालवतो. २६६६ किंवा ३२०० ची स्टिक लावली तरी ती २४०० वर उतरून चालेल, त्यात बिघडत काही नाही. तेव्हा वेगासाठी जादा पैसे मोजू नका. दोन्हींत जी स्वस्त आणि नावाजलेल्या ब्रँडची असेल ती घ्या.

स्टिक लावल्यावर मशीन विंडोजपर्यंत येऊ द्या. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. एकूण १६ जीबी आणि दोन्ही स्लॉट भरलेले दिसायला हवेत. दुकानदाराला सीपीयू-झेड (मशीनची आतली माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवायला सांगा, त्यात मेमरीच्या टॅबवर ‘ड्युअल’ किंवा नव्या आवृत्तीत ‘२ x ६४-बिट’ लिहिलेलं दिसेल, म्हणजे दोन्ही स्टिक जोडीने चालताहेत, आणि एसपीडीच्या टॅबमध्ये नवा स्लॉट निवडला की मॉड्युल कुणी बनवलं तेही कळतं. बऱ्याच स्टिकमध्ये बनवल्याचा आठवडा आणि वर्षही दिसतं. डब्यावर एक ब्रँड आणि इथे भलतंच नाव, किंवा ‘नवी’ म्हणून दिलेली स्टिक सात-आठ वर्षांपूर्वीची निघाली, तर तिथल्या तिथे परत करा.

बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर हवा. मध्य प्रदेशातला असेल तर तो २३ ने सुरू होतो. रॅमवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तुमचं स्वतःचं रजिस्ट्रेशन असेल तर आपला नंबर टाकून घ्यायचं तुम्हाला मी सांगायला नको. पण स्टिकचा मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, हे बरेच जण विसरतात. नुसतं ‘८ जीबी रॅम’ लिहिलेल्या बिलावर नंतर कुणीही म्हणू शकतं की ही स्टिक आमची नाहीच.

घरी आल्यावर रात्री मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून लावून ठेवा, सकाळपर्यंत चालू द्या. ते जमलं नाही तर विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक तरी चालवा. एकही एरर आली तरी दुसऱ्या दिवशी बदलायला न्या, ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. तुमच्या मशीनवर लोकांचे हिशेब आहेत. रॅममधली चूक गुपचूप फाइलमध्ये उतरते आणि महिन्यांनी सापडते. दुकानदाराने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पक्कं बिल हातात असेल तर तिचा उपयोग होतो.

ऑनलाइन मी कधी सुचवतो? नवं डीडीआर५ मशीन बांधताना, जोडीने येणारं किट हवं असेल आणि इंदुरात ते नेमकं मॉडेल मिळत नसेल तेव्हा. मग विक्रेता कोण आहे ते नाव बघा, पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतं ते वाचा, आणि पाकीट फोडताना लेबल दिसेल असा व्हिडिओ काढा. तुमच्या एका स्टिकसाठी एवढा उपद्व्याप करायची गरज नाही.

भावाकडून लेबलचा फोटो आला की इथे टाका. बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबरही लिहा, तो स्लॉटच्या आसपास बोर्डावरच छापलेला असतो. दोन्ही बघून ती स्टिक चालेल की नाही ते मी सांगतो, तोवर बाजारात जायची घाई करू नका.