प्रवाळ राखीव, पण राखलेले का?

प्रश्न : सर, दिवाळीत नातवाला घेऊन जामनगरजवळच्या नराऱ्याला गेलो. ओहोटीच्या घोटाभर पाण्यात प्रवाळ पाहिले. वाटाड्या म्हणाला, ‘१९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून टिकलेत.’ हे कशावरून मानायचं?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजोबा, शंका रास्त आहे. मोजल्याशिवाय मानू नका! मोजण्याची रीत सोपी, पण कंबरतोड. खडकावर टेप ताणायची आणि ठरावीक अंतरावर तिच्याखाली काय आहे ते टिपायचं: जिवंत प्रवाळ, मेलेला सांगाडा, शेवाळ की वाळू. तेच हद्दीबाहेर, तितक्याच खोलीवर, आणि दर काही वर्षांनी पुन्हा. उद्यान होण्याआधीच्या नोंदी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. कारण अनेकदा हद्द आखतात तीच मुळात चांगल्या किंवा कुणाला फारशा नको असलेल्या जागेभोवती. मग आतलं बरं दिसलं, तर श्रेय उद्यानाचं किती?

मासेमारी थांबली की मासे वाढतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. शेवाळ खाणारे मासे वाढले तर कोवळ्या प्रवाळांना जागाही मिळते. पण पाणी तापलं की पहारेकरी काय करणार? २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभिंतीत मासेमारीबंदीच्या पट्ट्यांतले प्रवाळही उष्णतेच्या ताणाने पांढरे पडले. आपलं नरारा आहे त्या कच्छच्या आखातात तर भरीला प्रवाळ गुदमरवणारा गाळ. तो हद्द विचारून येत नाही.

आणि हो, पुढच्या खेपेला नातवाला वाळूवरूनच चालवा. प्रवाळावर पडलेला पाय कुठल्याच नोंदवहीत येत नाही.