कशाचे उपकार मानू, असं विचारलंस ना

जय ख्रिस्त बाळा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण असल्या प्रश्नाला दोन ओळी टाईप करून पाठवणं मला बरं वाटेना म्हणून आज निवांत बसून लिहितेय. पप्पा गेले, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी डोक्यावर आहे, आई रात्रभर जागीच असते, आणि चर्चमधे जो भेटतो तो एकच वचन सांगतो, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा', तर मावशी मी नेमके कशाचे उपकार मानू, असं तू विचारलंयस.

पहिली गोष्ट, पप्पा गेले याबद्दल देवाचे आभार मान असं कोणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नकोस. माणसं भेटायला येतात, काय बोलावं सुचत नाही, मग 'देवाची योजना असते' म्हणून निघून जातात. त्यांचा राग धरू नको, ती प्रेमानेच आलेली असतात. पण मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू स्वतः रडला गं. थोड्या वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे त्याला माहीत होतं तरी रडला, आणि मग धोंड बाजूला केल्यावर वर बघून त्याने बापाचे उपकार मानले. बायबलमधलं योहान 11 काढून बघ, रडणं आधी आहे. त्यामुळे रडू थांबत नाही म्हणजे माझा विश्वास कमी पडला, हे तू जे लिहिलंयस ना ते डोक्यातून काढून टाक. स्तोत्र 88 पण वाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऱ्हाणं आहे आणि संपतं ते पण अंधारातच, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, लोकांनी शेकडो वर्षं ते प्रार्थनेत म्हटलंय. देवाशी भांडायची परवानगी त्यानेच देऊन ठेवलीय.

आता तू नर्स होणारेस म्हणून तुला एक दाखवते. प्रेषितांची कृत्ये 16, येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात. त्यांना छड्यांनी भरपूर मारलं, आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करत होते, गाणी गात होते. हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो आणि लगेच तुरुंगाची दारं उघडणाऱ्या भूकंपावर जातो. पण पुढे 33 वं वचन वाच, त्यांच्या जखमा तुरुंगाच्या अधिकाऱ्याने धुतल्या त्या भूकंपानंतर. म्हणजे गात होते तेव्हा त्या जखमा तशाच होत्या, न धुतलेल्या! मी आयुष्य वॉर्डात काढलंय, रक्त सुकून कपडा जखमेला चिकटला की नुसतं कूस बदलताना माणूस कसा कळवळतो ते मी बघितलंय. छड्यांबद्दल त्यांनी आभार मानले असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. ते देवाला गात होते, कारण मारणाऱ्यांनी त्यांच्या पाठीचं काहीही केलं तरी देव होता तसाच होता. आणि बाकीचे कैदी ऐकत होते, हे पण लिहिलंय.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. तू केडगावला त्यांनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमधे जाऊन आलीयस, पुणे-दौंड लाईनवरचं केडगाव, पण त्यांच्या बाबतीत काय काय झालं ते एकदा सलग बघ. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण काही महिन्यांत उपाशीपोटी गेले, तेव्हा त्या साधारण तुझ्याहून लहान. मग भाऊ 1880 मधे गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि फेब्रुवारी 1882 ला नवरा कॉलऱ्याने गेला. 1883 मधे इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतला, आणि तिथून पुढे सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही, एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै 1921 ला त्यांच्या हयातीतच गेली. त्या स्वतः 5 एप्रिल 1922 ला गेल्या, आणि शेवटपर्यंत बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर चालू होतं, त्यासाठी हिब्रू ग्रीक शिकल्या होत्या, छापखाना केडगावच्या मुली चालवायच्या.

मला यात सगळ्यात भिडतं ते 1896-97 च्या दुष्काळाचं. मध्य प्रांतात लोक मरतायत हे कळलं आणि रमाबाई तिकडे गेल्या, शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पोटात काही नसताना चालत राहणं काय असतं हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आता यासाठीच देवाने त्यांच्या आईवडिलांना उपाशी मारलं असं कोणी म्हटलं तर मला ते बिलकुल पटत नाही, माझा देव असा हिशोब करणारा नाहीये. पण ती भूक त्यांच्या आत नुसती कडू होऊन पडली असती तरी कोणी नावं ठेवली नसती, आणि ती तशी पडली नाही, तिच्यातून हजारो जणींना ताट वाढलं गेलं. उपकार मानायला मला इथे जागा सापडते.

तू सध्या एवढंच कर. रात्री झोपताना एकाच गोष्टीचे आभार मान, पण ती खरी घडलेली असू दे, नावानिशी. 'सगळ्यासाठी धन्यवाद प्रभू' असलं मोघम नको. पप्पांच्या शेवटच्या दिवसांत ज्या सिस्टरने त्यांची पाठ पुसून पावडर लावली तिचं नाव घे. शेजारच्या काकूंनी डबा दिला तर तो डबा. एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर तसं देवाला सरळ सांग आणि झोप. स्टेटसला टाकायची गरज नाही, पण त्या सिस्टरला मात्र जाऊन सांग, वॉर्डात आम्हाला असं कोणी येऊन सांगत नाही गं सहसा. रविवारी उपासनेला गाणं तोंडातून फुटत नसेल तर नुसती बस, बाकीचे गातायत तोपर्यंत तू ऐक, तेही चालतं.

आणि फीचं मनात ठेवून कुढत बसू नकोस. मदत मागितली म्हणजे विश्वास कमी झाला असं कुठे आहे, रमाबाईंनी विधवांसाठीच्या शाळेसाठी, शारदा सदनासाठी अमेरिकाभर फिरून मदत मागितली होती. पाळकसाहेबांशी बोल, मंडळीत शिक्षणासाठी काही फंड आहे का विचार, कॉलेजला हप्ते मागून अर्ज दे, तो अर्ज मी लिहून देते. आईची झोप मात्र अंगावर काढू नका, तिला या आठवड्यातच डॉक्टरकडे ने. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, भाकरी मी बांधून आणते, आईला चूल पेटवू देऊ नको.

तुझी मावशी